शरत्चंद्रांवर २० मिनिटं बोलायचंय, काय घेऊ?

प्रश्न: सोलापुरात वाचक गटासमोर बंगाली कादंबरीकार शरत्चंद्र चट्टोपाध्यायांवर बोलायचंय. १८७६ ते १९३८ सगळं कोंबलं तर नुसती जंत्री होईल. काय ठेवू, काय गाळू?

उत्तर १: निम्मा वेळ ब्रह्मदेशातल्या रंगूनला द्या. १९०३ ला गेले, १९१६ ला परतले. मधली वर्षं हिशेबखात्यात कारकुनी. ‘बडदीदी’ १९०७ मध्ये ‘भारती’ मासिकात छापून आली ती त्यांना न विचारताच! पुस्तकांचा क्रम छापील सालावरून लावू नका, तिथंच घोळ होतो. ‘देवदास’ १९१७ चं, पण लिहिलं ऐन पंचविशीच्या आसपास. त्याला प्रौढपणीची कादंबरी म्हटलं की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं.

उत्तर २: ‘श्रीकांत’ कादंबरीचे चार भाग १९१७ ते १९३३ असे पसरलेत. पहिला पुरे. आणि ते आत्मचरित्र म्हणून सांगू नका राव.

उत्तर ३: ‘पथेर दाबी’ सोडू नका. १९२६ चं पुस्तक, इंग्रज सरकारनं जप्त केलं. १९३० चा आपल्या शहरातला मार्शल लॉ (लष्करी अंमल) ठाऊक असलेल्या सोलापूरकरांना जप्ती समजावून सांगावी लागत नाही. मराठी अनुवाद मामा वरेरकरांचे. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारताना चटर्जी, चट्टोपाध्याय, वरेरकर तिन्ही नावं सांगा.