ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साइट उघडतच नाही… तुमचे अनुभव सांगा

माळावरची
दिवाळीची आवराआवर चाललीये, कपाटाचा खालचा खण उपसताना एक गोल बॅटरी सापडली, नाण्याएवढी, आणि मी तिथंच बसले हातात घेऊन. २०१६ ची आहे ती. तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ऑफिसला क्लार्क होते. स्कॉलरशिपचा फॉर्म कॉलेजच्या लॉगिनमधून पुढं पाठवायचा शेवटचा दिवस, खिडकीशी एक मुलगी आणि तिचे वडील, तांड्यावरून पहिल्या एसटीनं आलेले, आणि साइट उघडेना. नेटचा कॉम्प्युटर एकच. राउटर चारदा बंद-चालू केला, नेटवाल्याला फोन लावला, तो म्हणे लाइन ओके आहे मॅडम, आणि खरंच काही साइट उघडत होत्या. मला वाटलं तिकडचाच सर्व्हर बसलाय. त्यांना म्हटलं मुदत वाढेल, पुढच्या आठवड्यात या. वडील काही बोलले नाहीत, नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघाले.

मग आमचे शिपाई मामा चहा ठेवायला आले आणि म्हणाले, मॅडम, ह्याच्यात जानेवारी कसा काय? बघते तर कोपऱ्यात १ जानेवारी २००९. रात्री विजा कडाडत होत्या म्हणून मामांनी मेन स्विच पाडलेलं, आणि आत मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली, त्यामुळे करंट गेला की घड्याळ पार मागं. एचटीटीपीएसवाल्या, म्हणजे कुलूपवाल्या सुरक्षित साइटचं सर्टिफिकेट, तिचं ओळखपत्रच म्हणा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालतं, कॉम्प्युटरच्या हिशेबानं ते अजून सुरूच झालेलं नव्हतं, मग तो कसा उघडेल. साध्या एचटीटीपीवाल्या तेवढ्या उघडत होत्या. घड्याळाचं स्क्रीनवर लिहून येत होतं, इंग्रजीत, मी न वाचता बंद करत होते. ते अजून टोचतं.

तारीख बदलली, साइट आली. मामा सायकल घेऊन स्टँडवर सुटले आणि गाडी लागायच्या आत दोघांना घेऊन आले. फॉर्म गेला.

तुमच्याकडं असं काही झालंय का? लिहा.

रविवारचीभेळ
मामांना नमस्कार सांगा 🙏 मुलीचं पुढं काय झालं?

केबलवाला
पुण्यात सपोर्टला आहे, १४ वर्षं झाली. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते होस्ट्स फाइलनं. एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडं एकच पीसी, त्यावर एकच साइट बंद, बाकी सगळं पळतंय, शेजारच्या टेबलावर तीच साइट उघडते. केबल बदलली, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, सांगणारी सेवा) बदलून ८.८.८.८ टाकून पाहिलं, साठवलेले पत्ते पुसायला फ्लश डीएनएस मारलं, ब्राउझर काढून परत घातला, ढिम्म. संध्याकाळी सातला सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथली होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर एक ओळ. पूर्वीच्या कुणीतरी टेस्टिंगसाठी साइटचं नाव आणि जुना आयपी लिहून ठेवलेला, नंतर साइट दुसऱ्या सर्व्हरवर गेली. कॉम्प्युटर डीएनएसला विचारण्याआधी ती फाइल बघतो ना, म्हणजे बिचारा रोज जुन्या पत्त्यावर जाऊन उभा. ओळ काढली, संपलं.
तेव्हापासून आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच पीसी लावून बघतो. तिथंही नाही उघडली तर गडबड पीसीतच, नेटवाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत.

हिशेबनीस
जीएसटी रिटर्नची २० तारीख आणि साइट बंद, सीए ऑफिसात हे दुखणं सगळ्यांना माहितीये. आमच्याकडं प्रॉक्सी निघाली, म्हणजे नेटवर जाताना मध्ये लागणारा सर्व्हर. जुनं कनेक्शन काढलं तरी सेटिंगमध्ये त्याचा प्रॉक्सी टिकून, एकाच मशीनवर. ज्युनिअर पोरगी रडकुंडीला आलेली, सर ओरडत होते तिच्यावर, तिची काय चूक? मी तिला म्हटलं तू पाणी पी आधी. पाच क्लायंट लेट झाले आणि लेट फी ऑफिसनं भरली, निदान ते तरी बरं केलं

केबलवाला
@हिशेबनीस प्रॉक्सी काढल्यावर ऑटोमॅटिक डिटेक्टची खूणही बघत जा.

ओटीवरून
२०२० चं लॉकडाऊन, नवरा आतल्या खोलीत, मी ओट्यापाशी लॅपटॉप घेऊन, मुलाची ऑनलाइन शाळा सोफ्यावर. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) लागायचं, मेल यायचे, पण आतली पगाराची साइट पांढरी. फिरतंय फिरतंय फिरतंय. तीन दिवस. आमच्या सपोर्टची एक ताई होती, कधी भेटले नाही तिला, रात्री दहाला फोनवर म्हणाली काळी खिडकी उघड आणि मी सांगते ते टाइप कर, पिंग करून करून आकडा कमी करत गेलो. एमटीयू, म्हणजे डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त केवढं! साधारण पाकीट १५०० बाइटचं, घरच्या ब्रॉडबँडच्या पीपीपीओईत (नावपासवर्ड देऊन नेट जोडायची पद्धत) त्यातले ८ जातात, १४९२ राहतात, वर व्हीपीएन स्वतःचं वेष्टण घालतं, मग मोठं पाकीट मावत नाही, आणि मावलं नाही हे सांगणारा निरोप वाटेत फायरवॉल अडवून ठेवतो. म्हणून छोटं सगळं चालतं आणि मोठं पान अडकतं. तिनं १३०० केलं आणि पान आलं. माझ्या हाताखालच्या अकरा जणांचे पगार त्यावर होते हो. ती ताई वाचत असेल तर तुला खूप प्रेम. कुकर झाला, येते

म्हापशेकर
आमच्या वाचनालयात उलटं, घड्याळ बरोबर होतं तरी सर्टिफिकेट एक्स्पायर्ड. ३० सप्टेंबर २०२१ नंतरची गोष्ट. डीएसटी रूट सीए एक्स३ नावाचं मूळ सर्टिफिकेट, ज्याच्या भरवशावर बऱ्याच साइटची सर्टिफिकेटं खरी धरली जायची, ते त्या दिवशी संपलं, ज्या जुन्या मशीनला अपडेट नव्हते त्यांच्याकडं नवीन मूळ आलेलंच नाही, म्हणून अर्ध्या साइट चालू आणि अर्ध्या बंद. म्हातारे सभासद येत पेपर वाचायला, त्यांना काय सांगणार. फायरफॉक्स टाकला, तो स्वतःची मूळ सर्टिफिकेटं सोबत घेऊन येतो, तेवढ्यावर निभावलं. कॉम्प्युटर जुना झाला की गरिबाघरचाच आधी अडतो, हे मला फार लागतं.

रविवारचीभेळ
+१ शेवटच्या वाक्याला

टेंडरवाला
इंटरनेट एक्सप्लोरर आठवतंय का 😭 टेंडरला तोच लागायचा, जावा पण ठरावीकच, अपडेट झालं की मेलं. १५ जून २०२२ ला तो बंद झाला तेव्हा आमच्या साहेबांनी सकाळी सकाळी फोन केला की आयकॉन दाबला तर एजच उघडतोय. एज म्हणजे त्याच कंपनीचा नवा ब्राउझर, त्यात जुन्या एक्सप्लोररच्या साइट चालवायचा आयई मोड आहे तो लावून दिला.

दूरदेशी
दुबईत नोकरीला. बाबा कोल्हापुरात ॲडमिट, रिपोर्ट हॉस्पिटलच्या साइटवर, आणि ऑफिसच्या फिल्टरनं ती साइट ब्लॉक केलेली. मोबाइल डेटा त्या दिवशी संपलेला. आमच्या आयटीतला एक केरळचा मुलगा, नियमानं अर्ज भरून घेतला आणि मॅनेजरकडं स्वतः जाऊन सही आणली, वीस मिनिटांत उघडून दिली. रिपोर्ट चांगला नव्हता. पण मी त्याच रात्रीच्या विमानानं निघू शकलो, बाबा भेटले.

ओटीवरून
@दूरदेशी 🙏 काय बोलू.

सायलेंटवाचक
@माळावरची विंडोज वेळ इंटरनेटवरून आपोआप घेतो ना? मग का नाही घेतली?

केबलवाला
साध्या घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या पीसीत फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर तो स्वतःहून सुधारत नाही, तशी मर्यादाच घातलेली असते. सात वर्षं मागं गेलेलं घड्याळ हातानंच सरळ करावं लागतं.

हिशेबनीस
ही बॅटरी वजनकाट्यात पण असते, आमच्याकडं आहे. दिवाळीत दुकानं उघडी असतील का? आमचा एक पीसी रोज सकाळी तारीख विचारतोय

माळावरची
चकलीचं पीठ मळत होते, आत्ता पाहिलं. @रविवारचीभेळ ती मुलगी नर्स झाली. मागच्या वर्षी मामांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना भेटायला आलेली, डबा घेऊन. @हिशेबनीस घड्याळवाल्याकडं विचारा, तो ठेवतो. जुनी काढताना प्लस वर आहे ना ते बघून ठेवा.

रविवारचीभेळ
चकलीची भाजणी घरची का?

माळावरची
घरचीच. तांदूळ धुऊन वाळवलेले. प्रमाण उद्या लिहिते.