मिडफिल्डरचा लेफ्ट बॅक करताना: व्हॅन ब्रॉन्कहॉर्स्टकडून काय घ्यावं?

सोलापूरकर११: पार्क मैदानावरच्या आमच्या १७ वर्षांखालील संघातला डावखुरा मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) लेफ्ट बॅकला, म्हणजे बचावफळीत डावीकडे, खेळवायचाय. नेदरलँड्सचा फुटबॉलपटू जिओव्हानी व्हॅन ब्रॉन्कहॉर्स्टनेही हाच बदल केला ना? नेमकं काय बघायचं?

डावीबाजू: हो. मोलुक्कन (इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांच्या) वंशाचा, रॉटरडॅमचा. रेंजर्स, आर्सेनल या क्लबांत तो मुख्यतः मधल्या फळीत. २००३ मध्ये बार्सिलोनाला गेल्यावर तिथला प्रशिक्षक रायकार्डने त्याला लेफ्ट बॅक केलं. २००६ ची चॅम्पियन्स लीग फायनल बघा. पुढचा रोनाल्डिन्हो आत सरकायचा, म्हणून बाहेरची पट्टी याला मोकळी. पण चेंडू हातचा गेला की मागे भलं मोठं भगदाड. डावा सेंटर बॅक (मधला बचावपटू) सरकून ते झाकेपर्यंत पोराला वर धावू देऊ नका.

सरळपास: पोरगं चुकेल ते उभं राहण्यात. मिडफिल्डर चेंडूकडे तोंड करतो आणि पाठीमागचा विंगर (कडेने येणारा आक्रमक) निसटतो. तिरकं उभं करा, चेंडू आणि विंगर दोघंही दिसले पाहिजेत. २०१० च्या विश्वचषक सेमीफायनलमध्ये उरुग्वेविरुद्ध १८व्या मिनिटाला त्याने लांबून मारलेला गोल अप्रतिमच, पण पोरांना आधी त्याची जागा धरण्याची शिस्त दाखवा.

सोलापूरकर११: आभारी आहे भाऊ. उद्यापासून तिरकं उभं राहणंच आधी घेतो.