पेशन्स संपलाय म्हणे
कुणीतरी म्हटलंय की रील्स बघून बघून आमच्या पिढीचा पेशन्स संपलाय, सिनेमा काय नि नाटक काय, काहीच पूर्ण बघवत नाही. पेशन्सचं मान्य, मी स्वतः सिनेमे दीडपट स्पीडने बघितलेत (घाला शिव्या). पण त्यासाठी लहान लांबीला कशाला बोल लावायचा? सिनेमाची सुरुवात करणाऱ्यांपैकी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून जे दहा सिनेमे दाखवले ते एकेक मिनिटाचेही नव्हते, कॅमेऱ्यात साधारण १७ मीटर फिल्म मावायची, हाताने हँडल फिरवायचं, पन्नासेक सेकंदांत खेळ खल्लास.

सिनेमा शिकताना आम्हाला फर्स्ट इयरला तसाच अभ्यास दिला होता, एक मिनिट, कॅमेरा हलवायचा नाही, कट नाही, म्युझिक नाही. म्हटलं त्यात काय एवढं. जिन्याखाली मोबाईल लावला आणि सात टेक वाया, कारण अर्ध्यातच फ्रेम मरायची, म्हणजे चित्रात बघण्यासारखं काही उरायचंच नाही. आठव्यात एक मुलगी उतरता उतरता थांबली, सँडलचा पट्टा नीट केला आणि परत वर निघून गेली, का ते तिलाच ठाऊक. वर्गात दाखवलं तेव्हा शेवटचे वीस सेकंद सगळे त्या रिकाम्या जिन्याकडे बघत बसले, ती परत येते का म्हणून, आणि तेवढ्यात एकाचाही हात मोबाईलकडे गेला नाही.