गच्चीच्या पन्हाळीला पाणी आवडणारा चिनी ड्रॅगन: कोणता कोरावा?

पाथरवट_नाशिक
गंगापूर रोडला एका बंगल्याच्या गच्चीचं (20 चौ.मी.) पावसाचं पाणी खालच्या कुंडात सोडायचंय. मालकांना पन्हाळीच्या तोंडाला जलप्रिय चिनी ड्रॅगन हवाय, काळ्या पाषाणात. मकरमुख कोरून चालेल का? भोक केवढं ठेवू?

काठावरचा
मकर नको. त्याला सोंड असते, सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराची प्रणाल (गाभाऱ्यातलं पाणी बाहेर सोडणारी दगडी पन्हाळ) पाहून या. मालक म्हणतात तो गोंगफू. मिंग काळातल्या यांग शेन (1488–1559) यांच्या यादीत ड्रॅगनच्या नऊ मुलांपैकी तो सहावा. पाण्याची ओढ, म्हणून पुलाच्या खांबावर. पण तो मुळात काठावरचा राखणदार. बीजिंगच्या वाननिंग पुलापाशी अशी दगडी जनावरं कालव्याच्या काठावर पालथी पडून पाण्याकडे डोकावताना दिसतात.

पाणी ओतणारी डोकी वेगळी. बीजिंगच्या जुन्या राजवाड्यातल्या तीनमजली संगमरवरी चौथऱ्यावर ती 1142 आहेत. त्यांना चीशोऊ म्हणतात. ची म्हणजे बिनशिंगी ड्रॅगन. लोक त्यांनाही सर्रास गोंगफू म्हणतात. माझ्या मते पन्हाळीला चीशोऊ आणि कुंडाच्या काठावर आख्खा गोंगफू, हेच शोभेल.

ओघळ
तासाला 100 मिमी पाऊस धरा: 20 चौ.मी.वर 2000 लिटर, म्हणजे सेकंदाला अर्ध्या लिटरहून किंचित जास्त. 50 मिमीच्या भोकातूनही जाईल, पण पानं अडकतील. 75 मिमी ठेवा, सरळ आरपार, म्हणजे गज घालून साफ करता येतं. उतार मीटरला 2 सेंमी. 90 सेंमीचा दगड घेतलात तर निदान 40 सेंमी भिंतीत जाऊ द्या आणि त्यावर कठड्याचं वजन येऊ द्या; डोकं जड असतं, नुसत्या सिमेंटवर झुकतं.

खालच्या ओठामागे 2 सेंमीवर, तळाला आडवी खाच मारा, 1 सेंमी रुंद, तेवढीच खोल. ती नसली की धार बारीक झाल्यावर पाणी हनुवटीखालून मागे सरकतं आणि भिंतीवर शेवाळाचा पट्टा उमटतो. आणि पन्हाळ एकच असेल तर 5 सेंमी वर दुसरं साधं भोक हवंच, नाहीतर तुंबल्यावर गच्चीचं तळं होईल.

पाथरवट_नाशिक
धन्यवाद. दात सुटे कोरू का?

काठावरचा
नका. आपल्याकडच्या पाषाणात पांढऱ्या झिओलाइटच्या गाठी असतात. छिन्नी तिथे आली की दात मुळासकट उडतो. दात जबड्याला चिकटून, दीड सेंमी उठावाचेच ठेवा. दगड घेताना ओला करून बघा, गाठी लगेच दिसतात. ठोकल्यावर बद्द आवाज आला तर घेऊ नका.

ओघळ
गळती दगडातून होत नाही, दगड आणि स्लॅबच्या सांध्यातून होते. वॉटरप्रूफिंगचा थर भोकाच्या आत 10 सेंमी तरी उतरवा.