आजी-आजोबांच्या संसाराचा इतिहास लिहायचा आहे; आजीच्या नोंदी कोठे शोधाव्यात?

प्रश्न

नमस्कार. माझ्या आजी-आजोबांनी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका लहानशा कोरडवाहू गावात आयुष्यभर शेती केली. दोघेही आता हयात नाहीत आणि त्यांना जवळून पाहिलेली माणसेही थकत चालली आहेत, म्हणून त्यांच्या संसाराचा इतिहास पुढच्या पिढीसाठी नीट लिहून ठेवावा, असे आम्ही घरच्यांनी ठरवले आहे. सध्याच्या सातबाऱ्यावर वडील व चुलते यांची नावे आहेत. त्याआधीच्या हस्तलिखित उताऱ्यावर मात्र आजोबांच्या थोरल्या भावाचे एकट्याचेच नाव असून त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले आहे. आजी आजोबांच्या मागे बरीच वर्षे होती, तरी तिचे नाव मला अद्याप कोणत्याही कागदावर सापडलेले नाही. तिचे माहेर शेजारच्या तालुक्यात होते, एवढेच ठाऊक आहे. केवळ आजोबांच्या जमिनीचा इतिहास लिहून तो दोघांचा म्हणणे मला पटत नाही. शोध कोठून सुरू करावा?

उत्तर 1

मी महसूल खात्यात नोकरी केली असल्याने कागदांपुरते सांगतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. भाऊ एकत्र राहत असताना कर्त्या भावाचे नाव लागत असे आणि धाकट्यांचा हिस्सा त्या तीन अक्षरांत सामावलेला असे. त्यामुळे आजोबांचे नाव नाही म्हणजे त्यांची जमीन नव्हती, असा अर्थ काढू नये.

खरा मजकूर सातबाऱ्यात नसून फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलाच्या नोंदीत, असतो. जुन्या उताऱ्यावर नावांच्या आसपास वर्तुळात जे आकडे दिसतात, ते फेरफारांचे क्रमांक होत. ते सगळे उतरवून घ्या आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या फेरफारांच्या नकला मागा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही पाहता येतात. आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार प्रथम काढा. त्यात मृत्यूची तारीख, वारसांची नावे, नाते आणि पुष्कळदा वयेही असतात, आणि विधवा पत्नी म्हणून आजीचे नाव तेथे यायला हवे. मुले लहान असती, तर तिच्या नावामागे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलांचा पालनकर्ता, असा शेरा मिळाला असता. आजीच्या पश्चात तिचे नाव कमी करणारा फेरफार वेगळा असेल, तोही घ्या.

एक अडचण आधीच लक्षात ठेवावी. शेतीचे विखुरलेले तुकडे एकत्र करणारी एकत्रीकरण योजना लागू झाल्यावर जुन्या सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घातल्याशिवाय मागे जाऊ लागलात, तर भलत्याच शेताचा इतिहास लिहून बसाल.

उत्तर 2

आजीसाठी सासरच्या दप्तरापेक्षा माहेरचे दप्तर अधिक उपयोगी पडेल, असा माझा अनुभव आहे. तिचे वडील 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील, तर त्यांच्या वारस फेरफारात विवाहित मुलींची नावे येण्याचा पुष्कळ संभव आहे. भावांनी ती ‘इतर हक्क’ या रकान्यात लावून घेतलेली असतात, किंवा पुढे तिने हक्कसोडपत्र दिलेले असते. माझ्या आजीचे संपूर्ण नाव, तिच्या बहिणींची नावे आणि प्रत्येकीचे सासर मला अशाच एका फेरफारात एकाखाली एक लिहिलेले मिळाले. लग्नानंतर नाव बदलण्याची रीत असल्याने माहेरच्या कागदांत तिचे पहिले नाव निराळे असू शकते, म्हणून वडिलांच्या व भावांच्या नावांवरून शोधावे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा येण्यापूर्वीच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, पाहाव्यात. त्यांत बाळाचे नाव नसून पुष्कळदा फक्त वडिलांचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. जुनी पाने मोडीत असतील, तर वाचणारा माणूस सोबत घ्यावा लागेल. घरातील कोणी नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथे गेले असल्यास तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या अवश्य पाहा. गाव आणि आडनाव सांगितले की ते पिढ्यांची नावे काढून देतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर वंशावळ वाचत असत, त्यांच्याकडेही चौकशी करावी. मात्र या वंशावळी बहुधा पुरुषांच्याच असतात, त्यामुळे आजीबाबत तेथून फार अपेक्षा ठेवू नये.

उत्तर 3

वरील दोघांनी सांगितलेल्या कागदांत गाव नमुना 12, म्हणजे पिकांची नोंदवही, जोडून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. कोणत्या हंगामात ज्वारी-बाजरी होती, कोणत्या वर्षी रान पड राहिले, जलसिंचनाच्या साधनाच्या रकान्यात विहीर केव्हा आली, हे सलग वर्षांचे उतारे शेजारी ठेवल्यावर दिसू लागते. विहीर पाडण्याचे कर्ज कोणी काढले, दगड-माती कोणी उपसली, मोट जाऊन इंजिन आल्यावर घरातल्या बाईच्या दिवसात काय फरक पडला, हे चुलत्यांना आणि आत्यांना विचारायचे प्रश्न त्या एका रकान्यातून निघतात. आत्यांना वेगळे बसवून विचारा. भावांसमोर त्या कमी बोलतात आणि आईबद्दल सर्वांत जास्त त्यांनाच माहीत असते.

सालांची स्मरणे विचारू नयेत, प्रसंग विचारावेत. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप तुमच्या भागात जाणवला नाही असे घर नसेल. तेव्हा थोरला मुलगा रांगत होता की शाळेत जात होता, 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर दोघेही जात होते की एकटी आजी, अशा प्रश्नांवरून लग्नाचे वर्ष दोन-चार वर्षांच्या फरकाने ठरवता येते. शाळेच्या रजिस्टरमधील जन्मतारखांवर फार विसंबू नये, कारण 1 जून ही तारीख त्या काळी सर्रास लिहिली जात असे.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. माहेरचा फेरफार ही दिशा मला सुचलीच नव्हती. जुन्या उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात 32ग असाही एक शेरा आहे, त्याचा अर्थ काय घ्यावा?

उत्तर 1

ते 1948 च्या कुळकायद्याचे कलम आहे. पश्चिम महाराष्ट्रात 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने (भाड्याने) कसणारा शेतकरी, जमिनीचा मालक मानला गेला, आणि 32ग खाली त्या जमिनीची किंमत ठरवण्याची चौकशी झाली. म्हणजे त्या तुकड्यापुरते तरी तुमचे घराणे कूळ होते, किंवा तुमच्या जमिनीवर दुसरे कोणी कूळ होते. नक्की कोणते, ते त्या प्रकरणातील जबाबांवरून कळेल. ही फाईल तहसील कार्यालयातच मागा. जबाबात कोण किती वर्षे कसत होते आणि खंड कसा दिला जात होता, हे त्या माणसाच्या तोंडून लिहिलेले असते, आणि खाली बहुधा त्याची सही किंवा अंगठाही असतो.