मदत हवी आहे: कानात सतत शिट्टी वाजणाऱ्या मैत्रिणीला गन्स अँड रोझेसच्या कॉन्सर्टला न्यायचंय

नमस्कार मंडळी,

१७ मे २०२५ ला, शनिवारी, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड येतोय. माझं आणि मैत्रिणीचं तिकीट काढून झालंय. उभं राहून बघायची तिकिटं आहेत, खुर्च्यांची नाहीत. अडचण तिच्या कानांची आहे, त्यासाठीच हा धागा.

ती इचलकरंजीची. घरचे यंत्रमाग, वडिलांच्या मागं कारखाना तीच बघते. माग सुरू असले की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, आणि तिचा दिवसातला बराच वेळ तिथंच जातो. दिवाळीच्या सुमारास डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली ती थांबलीच नाही. रात्री निजानीज झाली की जास्त जाणवते म्हणते. सांगलीला कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याचा आलेख, काढला. ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, उंच आवाजाच्या पट्टीत, आलेख खाली गेलाय, डाव्या कानाचा जास्त. आवाजानं झालंय, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आहे ते जपा, असं त्यांनी सांगितलं. कॉन्सर्टला मात्र सरळ नाही म्हणाले नाहीत. कानात आवाज कमी करणारे प्लग घाला, स्पीकरपासून लांब उभ्या राहा, त्रास वाटला की बाहेर पडा, एवढं सांगितलं.

आता तीच मागं सरतेय. 'जा की तू. मला येऊन सांग.' वर ब्रायन जॉन्सनचा दाखला. एसी/डीसीच्या या गायकाला २०१६ मध्ये डॉक्टरांनी बजावलं की असंच गात राहिलास तर कान पूर्ण जातील, आणि त्याला दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. उरलेल्या कार्यक्रमांना त्याच्या जागी उभा राहिला तो आमचाच ॲक्सल रोझ, गन्स अँड रोझेसचा गायक. तिला हे सगळं पाठ आहे. यावर तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना.

पण तिला सोडून मला जायचंच नाही. हा बँड मला तिनंच ऐकवला. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये यांनी एकाच दिवशी दोन अल्बम काढले होते. ते आमच्यापर्यंत पोचले कोरी कॅसेट भरून घेऊन, पाठीवर बॉलपेननं गाण्यांची नावं, तीही निम्मी चुकलेली. तिनं त्या कॅसेटवरून गिटारचे सोलो तोंडपाठ केले होते, बोटांनी बाकावर वाजवायची. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ॲक्सल मुंबईत येऊन गेला, तेव्हा गिटारवाला स्लॅश आणि बेसवाला डफ बँडमध्ये नव्हते. 'स्लॅशशिवाय कशाला जायचं?' म्हणून तिनं तेव्हा विषय संपवला होता. ते दोघं परतले २०१६ मध्ये आणि भारतात या बँडबरोबर आत्ता येतायत. त्यांचा कार्यक्रम तीन-तीन तास चालतो. इतकी वर्षं जिनं वाट बघितली तिला मी घरी येऊन वर्णन सांगायचं, हे मला पटत नाही.

तेव्हा जाणकारांनी सांगा: प्लग कुठले घ्यायचे? मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे चालतात का? मी घालून बघितले तर सगळं उशीखालून ऐकल्यासारखं येतं, आणि गिटार तशी ऐकायची असेल तर मैत्रीण नक्कीच येणार नाही. मैदानात कुठं उभं राहायचं? आणि कानात असा आवाज असूनही कुणी मोठ्या कॉन्सर्टला गेलंय का? नंतर त्रास वाढला का? खरं काय ते लिहा, धीर देण्यासाठी लिहू नका.

प्रतिसाद १

ताई, मी लाइव्ह साउंडचं काम करतो. मैत्रिणीची भीती रास्त आहे, पण सोय होऊ शकते.

आधी हिशोब. ८५ डेसिबल आवाजात रोज ८ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण मर्यादा धरतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्टला समोरच्या भागात १०० च्या वर आवाज सहज जातो. तीन तास उघड्या कानांनी कुणीच उभं राहू नये, धडधाकट कानांनीही.

फोमचे प्लग वरच्या पट्टीतला आवाज जास्त दाबतात, म्हणून तुम्हाला सगळं घुसमटल्यासारखं वाटलं. संगीतासाठी फिल्टर असलेले प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या खाली आणतात. १५ ते २० डेसिबलवाले बघा. मात्र पाकिटावरचा आकडा नीट बसवल्यावरचा असतो. घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढा, मग प्लग सरकवा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागला की बसला समजा. घरी गाणी लावून तासभर सवय करा. मैदानात बोलण्यासाठी प्लग काढायचा नाही, फोनवर टाईप करून दाखवा. फोमची एक जोडी खिशात असू द्या, फिल्टरवाला हरवला तर.

जागा: साउंडचा कन्सोल, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं आमचं टेबल, जिथं असतो, त्याच्या आसपास. आम्ही तिथूनच मिक्स करतो, त्यामुळे तिथं सगळ्यात नीट ऐकू येतं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ३ ते ६ डेसिबल उतरतो. स्टेजच्या दोन्ही बाजूंचे स्पीकर आणि मैदानात मागं लावलेले टॉवर, दोन्हींपासून लांब.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. कानावरचा भार साठत जातो. आदल्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस त्यांना मागाच्या शेडमध्ये जाऊ देऊ नका. आणि एरवीही शेडमध्ये इअरमफ, म्हणजे कान झाकणारे हेडफोनसारखे कप, लावायला लावा. तीन तासांच्या कॉन्सर्टपेक्षा रोजचे माग जास्त नुकसान करतायत.

ब्रायन जॉन्सन पुढं पुन्हा गायला लागला, हेही त्यांना सांगा.

प्रतिसाद २

मला उजव्या कानात शिट्टी आहे, कित्येक वर्षं. प्लग घालून मोठे कार्यक्रम बघितलेत. रात्री झोपताना थोडी वाढलेली वाटली, सकाळी नेहमीइतकी. एकदा मात्र स्पीकरजवळ ढकलले गेलो तेव्हा आठवडाभर त्रास झाला. माझं झालं ते तिचं होईलच असं नाही, तेव्हा गर्दी दाटायला लागली की लगेच मागं या. दोघींत एक खूण ठरवा. तिनं ती केली की 'एवढं गाणं होऊ दे' म्हणायचं नाही.

प्रतिसाद ३

रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी असल्यामुळे कार्यक्रम वेळेत संपेल, म्हणजे सुरुवात उजेडीच होईल. मे महिना आहे, पाणी पीत राहा. महालक्ष्मी स्टेशन चालत जाण्यासारखं आहे, तिथून स्लो लोकलनं दादर. तिथून पुण्याला शिवनेरी मिळते. कोल्हापूरकडची महालक्ष्मी एक्सप्रेस मात्र सीएसएमटीहून साडेआठच्या आतच सुटते, तिच्या भरवशावर राहू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद तिला वाचून दाखवले. मागाबद्दलचं वाचल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, इअरमफ सगळ्या कामगारांसाठीच मागवते. कॉन्सर्टला यायला तयार आहे, अट एकच, खूण तिची आणि ती केली की मी वाद घालायचा नाही. मान्य केलंय. मुक्काम दादरला मावशीकडे.

आता शेवटचं विचारते. कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग पुण्यात किंवा कोल्हापुरात कुणी करून घेतलेत का? साचा दिल्यापासून हातात यायला किती दिवस लागतात? १७ तारखेच्या आधी तिला घालून सवय व्हायला हवी, म्हणून जरा लवकर कळवा.