मदत हवी आहे: ऑल्टर चालू असताना घेतलेला बॅकअप अर्धवट निघाला, रेप्लिकाही मागे पडली

इंदूरला एका सहकारी साख संस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस, एक मुख्य सर्व्हर आणि एक रेप्लिका, म्हणजे मुख्यवरचे बदल मागोमाग उचलणारी त्याची प्रत. पासबुकाची छपाई आणि अहवाल रेप्लिकावरून निघतात.

व्यवहारांच्या टेबलात रकमेचा कॉलम डेसिमल ८,२ (एकूण आठ अंक, त्यातले दोन दशांश) होता, म्हणजे दहा लाखांची नोंदच बसत नव्हती. तो १२,२ करायचा होता आणि सोबत एक नवा कॉलम घालायचा होता. प्रकार बदलताना मायएसक्यूएल अख्ख्या टेबलाची नवी प्रत करतं, तोवर त्यात काही लिहिता येत नाही. म्हणून अनंत चतुर्दशीची रात्र धरली. सगळं शहर झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) बघायला रस्त्यावर, नोंदी करायला कोणी नाही. १२:४० ला ऑल्टर (टेबलाची रचना बदलणारा आदेश) सुरू केलं, ३८ मिनिटांत झालं. पण १ वाजता मुख्य सर्व्हरवर बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) सुटतो, हे ध्यानातच राहिलं नाही.

रविवारी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघितला आणि पोटात गोळा आला. फाइलच्या शेवटी व्यवहारांच्या टेबलाची रचना आहे, तीही नव्या कॉलमसकट, आणि खाली एकही ओळ नाही. पुढची टेबलंही नाहीत. शेवटी ‘डम्प कम्प्लीटेड’ असायला हवं, ते नाही. लॉगमध्ये १४१२ ही त्रुटी: टेबलाची व्याख्या बदलली आहे. तरी क्रॉनने ‘यशस्वी’ असा मेल पाठवला होता! बॅकअपच्या आदेशात सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावला की सगळं एकाच क्षणाचं मिळतं, या भरवशावर मी इतकी वर्षं होतो.

त्याच रात्री नवा प्रोग्रामही चढवला होता. अहवाल काढायला गेलो तर रेप्लिकावर ‘अननोन कॉलम’.

लोकांच्या ठेवींचा हिशोब आहे हो, झोप लागत नाही. पुढच्या महिन्यात सभासदांच्या टेबलातही बदल करायचा आहे. बॅकअप कुठून घ्यावा आणि कोणत्या क्रमाने जावं?

उत्तर १

सिंगल-ट्रान्झॅक्शन ओळींचं एका क्षणाचं चित्र धरतं, टेबलाची रचना त्यात येत नाही. डम्प (म्हणजे हा बॅकअप) चालू असताना ऑल्टर, ड्रॉप, रीनेम, ट्रंकेट करू नका, असं मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. मेल खोटा आला कारण डम्प जीझिप या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रामकडे पाइप केलेला, म्हणजे थेट सोडलेला असणार. डम्प पडला तरी जीझिप शून्यच, म्हणजे ‘यशस्वी’ असाच निकाल, परत देतं. बॅश स्क्रिप्टमध्ये पाइपफेल लावा, म्हणजे साखळीतलं काहीही पडलं तरी निकाल ‘अयशस्वी’ येतो, आणि शेवटची ओळ तपासल्याशिवाय मेल जाऊ देऊ नका. हे आजच करा.

बॅकअप रेप्लिकावरून घ्या, पण आधी तिचा एसक्यूएल थ्रेड (आलेले बदल लागू करणारा भाग) थांबवा. बिनलॉग (मुख्य सर्व्हरवरच्या बदलांची नोंद) येत राहतो, फक्त लागू होत नाही, त्यामुळे मध्येच ऑल्टर घुसत नाही. डम्प झाला की थ्रेड परत सुरू करा.

रेप्लिका मागे पडणारच होती. मुख्य सर्व्हरवर ऑल्टर पुरं झाल्यावरच ते तिच्याकडे जातं. तिथेही ३८ मिनिटं धरा, मागून आलेल्या नोंदी तोवर रांगेत. म्हणून नवा प्रोग्राम सगळ्यात शेवटी, रेप्लिकावर कॉलम डोळ्यांनी बघून मगच.

धागाकर्ता

पाइपफेल लावलं. मुद्दाम चुकीचं टेबल देऊन पाहिलं, या वेळी ‘अयशस्वी’चा मेल आला. मनापासून आभार. एक शंका आहे: नवा कॉलम आणि प्रकारातला बदल एकाच ऑल्टरमध्ये घेऊ का?

उत्तर १

वेगळे घ्या. नुसता कॉलम शेवटी जोडायचा असेल तर ८.०.१२ पासून इन्स्टंट, म्हणजे क्षणात होतो, टेबलाची प्रत होत नाही. आदेशात अल्गोरिदम इन्स्टंट असं स्पष्ट लिहा, म्हणजे जमत नसेल तर तिथल्या तिथे नकार मिळेल. प्रकारातल्या बदलाची रात्र वेगळी ठेवा, आणि त्या रात्री क्रॉन बंद.

धागाकर्ता

क्रॉनची ओळ आत्ताच कॅलेंडरात लिहून ठेवली. सभासदांचं टेबल झालं की इथेच कळवतो.